गुरांच्या वाटेवरची साठ वर्षं

२३ जून १९६५. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, सेडोना गावच्या ओक क्रीक टॅव्हर्नमध्ये जो बीलर, चार्ली डाय, जॉन हॅम्प्टन आणि जॉर्ज फिपेन ही चित्रकार मंडळी जमली आणि ‘काउबॉय आर्टिस्ट्स ऑफ अमेरिका’ ही संस्था उभी राहिली. बीज मात्र आधीच पडलं होतं. बीलर, डाय आणि हॅम्प्टन मेक्सिकोतल्या सोनोरात गुरं गोळा करायच्या कामावर गेले होते. कामाबरोबर गप्पांचाही फड जमला. असं दरवर्षी जमावं, ही ओढ तिथूनच लागली.

तो काळ न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रांचा. गाय-घोडा काढणाऱ्याला कॅलेंडरवाला म्हणून बाजूला सारलं जाई. या मंडळींनी भांडण न करता आपल्यापुरता नियम घातला: पश्चिमेकडच्या जीवनाचं चित्र खरं हवं. खोगिराचा पट्टा चुकला तर चित्र चुकलं.

या हट्टाला वारसा होता. चित्रकार चार्ल्स रसेल सोळाव्या वर्षी मोंटानात आला आणि गुराख्याचं काम करू लागला. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाने कुरणं गाडली गेली, गुरं पटापट मेली. मालकाने कळपाची खबर विचारली, तेव्हा रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात एकच बैल काढला. बरगड्या वर आलेल्या, मान खाली, आणि भोवती वाट बघणारे लांडगे. पत्रात आणखी काय लिहायचं राहिलं? मला तर या संस्थेची सारी वाटचाल त्या कागदापासून सुरू झाल्यासारखी वाटते.

१९६६ मध्ये ओक्लाहोमा सिटीत पहिलं प्रदर्शन भरलं. पहिले अध्यक्ष फिपेन त्याच वर्षी गेले. १९७३ पासून प्रदर्शन फिनिक्सच्या कलासंग्रहालयात भरू लागलं, तशा किमती चढल्या आणि नावही झालं. १९८३ मध्ये टेक्सासच्या केरव्हिल गावात संस्थेच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

प्रदर्शनांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो रॉबर्ट लॉहीड. कॅनडात जन्मलेला हा सभासद न्यू मेक्सिकोतल्या बेल रँचवर वर्षानुवर्षं जात राहिला. फोटोवरून नाही, समोर जनावर ठेवून रंगवायचं, हा त्याचा आग्रह. उघड्यावर गुरं रंगवून पाहिलेल्या कुणालाही हे किती अवघड, ते ठाऊक असतं. गाय मॉडेलसारखी बसत नाही. पाठीची रेघ ओढावी तोवर ती चार पावलं पुढे जाते. म्हणून एकाच कागदावर पाच-सहा स्केचेस अर्धी सोडायची आणि चरता चरता ती पुन्हा तशीच उभी राहिली की त्या स्केचकडे परतायचं. पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या हेरफर्ड गाईच्या पोटाखाली नुसती काळी सावली नसते. तापलेल्या मातीचा नारिंगी उजेड तिथे वर चढलेला असतो. फोटोत तो हमखास मरतो.

एक गोष्ट मात्र मला बोचते. संस्था कित्येक दशकं केवळ पुरुषांची राहिली. रँचवर बायाही घोड्यावर बसत होत्या, गुरं हाकत होत्या. त्यांच्या हातचं चित्र या प्रदर्शनांच्या भिंतींवर आधीच यायला हवं होतं. आणि ज्या कसबाचा एवढा अभिमान, ते मुळात मेक्सिकन ‘वाकेरो’ गुराख्यांचं. ‘रोडिओ’ हा शब्दसुद्धा स्पॅनिश. सोनोरात बीज पडलेल्या संस्थेने हे ऋण ठळकपणे सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

२०१५ मध्ये संस्थेला ५० वर्षं झाली. संस्थापक चौघेही तोवर गेले होते. त्यांनी घालून दिलेली ट्रेल राइड मात्र चालत राहिली. सभासद एखाद्या रँचवर जमतात, एकत्र घोड्यांवरून रपेट करतात, आणि खोगीर उतरवलं की धूळभरल्या बोटांनीच स्केचबुकं उघडतात.