वऱ्हाडातील जिन आणि कायद्याचे चार महिने

बार्शीटाकळी हे अकोल्याजवळचे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस तेथील हेमाडपंती धाटणीच्या देवालयामुळे परिचित आहे. देवळाच्या शिल्पांविषयी आपल्याकडे आस्थेने लिहिले जाते. त्याच भागातील काळ्या जमिनीच्या कापसाने जे कारखाने उभे केले, त्यांत राबणाऱ्यांच्या हातापायांची चौकशी मात्र इतिहासकारांनी फारशी केलेली नाही.

1870 च्या सुमारास आगगाडी वऱ्हाडात स्थिरावली आणि घरोघरच्या रेच्याची जागा वाफेवरील जिनांनी घेतली. पुढे 1881 साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. धोक्याच्या यंत्रांस कठडे घालावेत आणि सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये, अशी त्याची आज्ञा होती. परंतु ‘कारखाना’ कशास म्हणावे? शंभर माणसे एका वेळी कामास असतील आणि वर्षातून निदान चार महिने काम चालेल, त्यासच! जिनांचा हंगाम कापसाच्या वेचणीबरोबर येतो आणि जातो. तेव्हा मुंबईच्या गिरणीस जे थोडेबहुत संरक्षण मिळाले, ते अशा जिनांस मिळाले नाही. शिवाय वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असला, तरी नावाने निजामाचाच मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे लागू करावयाचा तर स्वतंत्र हुकूम लागे. चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते 1911 साली. तीस वर्षे ही पळवाट उघडी राहिली, ती केवळ अनवधानाने राहिली असे मानणे मला कठीण जाते.

या कारखान्यातील खरा काळ डोळ्यांसमोर नसे. तो पायाखाली असे. ओळीने मांडलेल्या जिनांस बाया कापूस भरवीत. रुई पुढे निघे आणि सरकी खाली पडे. पुष्कळ ठिकाणी सगळ्या जिनांस फिरविणारा लांब शाफ्टही त्याच तळघरवजा जागेत असे. साचलेली सरकी ओढण्यास आणि तेल घालण्यास माणूस तेथे उतरे. शाफ्ट थांबविला की सगळे जिन थांबत. म्हणून तो थांबवीत नसत. धोतराचा सोगा वा लुगड्याचा पदर एकदा त्यात गुंडाळला गेला, म्हणजे माणसास ओरडण्यासही अवसर मिळत नसे.

1948 च्या कायद्यात व त्याखालील नियमांत या अनुभवाच्या खुणा स्पष्ट दिसतात. जमिनीखालील शाफ्टभोवती सलग भिंत किंवा चढता न येणारे कुंपण असावे; जरुरीपुरतीच दारे ठेवावीत आणि ती कुलूपबंद असावीत. चालत्या यंत्राजवळ जाणे भागच असेल, तर शिकविलेल्या प्रौढ पुरुषाने अंगाबरोबर बसणारे कपडे घालून जावे. प्रेसमध्ये कापूस पिंजणारे ओपनर चालू असेल तेथे स्त्रिया व मुले नकोत. छपरापर्यंत पोहोचलेली आडभिंत असल्यास, माल भरण्याच्या बाजूस मात्र चालतील. स्त्रीस निराळा पोशाख देण्यापेक्षा तिला दूर ठेवणे कायद्यास सोपे वाटले, हेही येथे नोंदवावे.

आता पुष्कळ जिनांस स्वतंत्र विजेच्या मोटारी आल्या आणि सरकी पट्ट्यावरून वाहून जाते. धूळ मात्र राहिली. जिनाचा रूळ क्रोमियमने कमावलेल्या चामड्याचा असतो; तो झिजतो, त्याच्या खाचा पुन्हा कापाव्या लागतात, आणि ती भुकटी रुईत व कामगाराच्या छातीत जाते. 1924 साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस-संशोधन संस्थेने त्यासाठी क्रोमियमविरहित रबरी रूळ तयार केले आहेत.