परक्या ओठांची वाणी

मद्रासमध्ये नुंगंबाक्कमचा हमरस्ता ज्या चौकात माउंट रोडला येऊन मिळतो, तेथे एके काळी एस. एस. वासन यांचा जेमिनी स्टुडिओ होता. इमारती गेल्या, परंतु चौकातील उड्डाणपुलाला लोक अजूनही जेमिनीचाच पूल म्हणतात. वासन यांचा ‘चंद्रलेखा’ १९४८ साली आधी तमिळमध्ये व वर्षअखेरीस हिंदीत झळकला, आणि मद्रासच्या चित्रपटांना उत्तरेचा मुलूख खुला झाला. त्यापूर्वीच, १९४४ मध्ये, ए. व्ही. मेय्यप्पन यांनी कन्नड ‘हरिश्चंद्र’ तमिळ वाणीत उतरवून डबिंगच्या नव्या विद्येचा पाया घातला होता.

ही विद्या कष्टसाध्य खरी. फितीचा इवलासा तुकडा पुनःपुन्हा फिरत असताना, पडद्यावरचे ओठ जेथे मिटतात नेमका तेथेच प, ब, म यांसारखा ओष्ठ्य वर्ण पडला पाहिजे, आणि एवढे करूनही वाक्य त्या पात्राच्या अंतःकरणातून आल्यासारखे वाटले पाहिजे.

ही विद्या साधलेल्यांपैकी एक, ग्वाल्हेरात १९७६ साली जन्मलेले शरद केळकर, लहानपणी बोलताना अडखळत, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे ‘सात फेरे’सारख्या मालिकांतून नावारूपास आलेल्या याच कलावंताने ‘बाहुबली’च्या दोन्ही भागांत प्रभासला हिंदी वाणी दिली, ही सिद्धी मला अभिनयाहून तिळभरही उणी वाटत नाही. अशा कलावंतांची नावे श्रेयनामावलीत ठळक अक्षरांत यावीत, एवढीच चित्रसंस्थांना विनंती.