दिसले, पण होते का?

कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, वर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शीखाली पाहायचे, हा प्रयोग आपण दरवर्षी करून घेतो. मुलांना विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात. पेशीत एखादा गडद ठिपका, म्हणजे केंद्रक, दिसतो. मग आपण फळ्याकडे वळतो आणि तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल असे बरेच काही काढतो. एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, यात हे कुठे आहे?" "ते या सूक्ष्मदर्शीतून दिसत नाही," एवढे सांगून आपण पुढे जातो. गंमत म्हणजे हाच प्रश्न गॉल्गी संकुलाबद्दल जाणकार शास्त्रज्ञही जवळजवळ पन्नास वर्षे विचारत होते.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ साली ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ओळखले. पण बाकीचा पेशीद्रव्य नावाचा भाग पारदर्शकच राहिला. त्यात काही पाहायचे तर पेशी रंगवणे भाग होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवण्याच्या नाना युक्त्या निघाल्या.

त्यातली एक युक्ती कामिल्लो गॉल्गी या इटालियन डॉक्टरची. मिलानजवळच्या अब्बियातेग्रासो गावी असाध्य रोग्यांच्या इस्पितळात तो नोकरीला होता. तिथल्या एका स्वयंपाकघरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटच्या आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवले, तर मोजक्याच चेतापेशी साऱ्या फांद्यांसह काळ्याभोर उठून दिसतात, हे त्याने १८७३ साली प्रसिद्ध केले. पुढे तो पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाला. एप्रिल १८९८ मध्ये, हीच पद्धत थोडी बदलून वापरताना, गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतील पेशींत केंद्रकाभोवती त्याला एक नाजूक जाळे दिसले. त्याने त्याला 'अंतर्गत जालिका यंत्रणा' असे नाव दिले.

इथून वादाला सुरुवात झाली. ही रंगवण्याची पद्धत मोठी लहरी होती. एकाच पेटीतल्या नमुन्यांपैकी काहींत जाळे दिसे, काहींत नाही. स्पेनचा रामोन इ काहाल म्हणे की हे जाळे आपण आधीच पाहिले होते, पण पुन्हा दिसेना म्हणून प्रसिद्ध केले नाही. (चेतासंस्थेवरील कामासाठी १९०६ सालचे नोबेल पारितोषिक गॉल्गी आणि काहाल या दोघांना विभागून मिळाले.) कोणाला जाळे दिसे, कोणाला चकत्या, कोणाला नुसते थेंब. जिवंत पेशीत तर ते नीटसे दिसतच नसे. मग शंका आली, ती अगदी रास्त होती: हे जाळे पेशीतले की रसायनांनी तयार केलेले?

आंबोळीचे उदाहरण घेऊ. आंबोळीला सुरेख जाळी पडते. पण म्हणून ती जाळी आधी पिठात होती, असे आपण म्हणत नाही. ती तापल्या तव्यावर पडते. चांदीचे क्षार आणि ऑस्मिक आम्ल यांचा मारा झालेल्या मृत पेशीतील जाळे हेही असेच तव्यावरचे नसेल कशावरून?

१९४९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील जॉर्ज पॅलाडे आणि अल्बेर क्लोद यांनी नेमके हेच मांडले. पेशीतील स्निग्ध पदार्थांवर रसायनांची क्रिया झाली की जाळ्यासारखे आकार तयार होतात, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि गॉल्गीचे जाळे हा त्यातलाच प्रकार आहे, असा निष्कर्ष काढला. गॉल्गी १९२६ सालीच वारला होता. त्याच्या जाळ्याचा निकाल लागला, असे अनेकांना वाटले.

पण तोवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी पेशींसाठी वापरात येऊ लागला होता. साध्या सूक्ष्मदर्शीतून सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. नव्या यंत्राने ही मर्यादा ओलांडली. पेशी जशीच्या तशी टिकवण्याच्या रीती सुधारल्या, अतिशय पातळ काप घेता येऊ लागले. १९५४ साली अमेरिकेतील डाल्टन आणि फेलिक्स यांनी गॉल्गीच्या जागी एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या आणि भोवती बारीक पुटिका दाखवल्या. चांदी न वापरताही त्या दिसत होत्या. आकार गॉल्गीला दिसला त्याहून वेगळा होता, पण वस्तू खरी होती.

पुढचा भाग अधिक सुरस आहे. या पिशव्या करतात काय, हे दाखवण्यात मोठा वाटा होता खुद्द पॅलाडेचा! जेमीसन आणि पॅलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना काही मिनिटे किरणोत्सारी ल्युसिन दिले आणि त्यापासून बनलेली प्रथिने कुठे जातात याचा माग काढला. १९६७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथिने आधी खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत, मग गॉल्गी संकुलाच्या परिसरात आणि सुमारे दोन तासांत पेशीबाहेर टाकायच्या कणिकांत आढळली. माग काढण्यासाठी वापरला होता छायाचित्रणाचा लेप, म्हणजे पुन्हा चांदीचेच क्षार. क्लोद, पॅलाडे आणि द दूव यांना १९७४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनांवर शर्करा जोडणे, त्यांची वर्गवारी करणे आणि योग्य ठिकाणी रवाना करणे ही गॉल्गी संकुलाची कामे आज आपण शिकवतो.

पॅलाडेची १९४९ सालची शंका चूक ठरली, पण ती घेणे चूक नव्हते. दिसते ते आपल्या पद्धतीमुळे तर दिसत नाही ना, हे तपासलेच पाहिजे. वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या पद्धतींनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हाती लागली, तेव्हा ती मान्य झाली.

म्हणून पुढच्या वेळी फळ्यावर त्या चार-पाच वक्र रेषा काढताना कोणी "हे कुठे आहे?" असे विचारले, तर घाई करू नये. "आहे हे कशावरून ठरले, ते सांगते," असे म्हणून खडू क्षणभर बाजूला ठेवावा. अभ्यासक्रमातील दहा मिनिटे जातील, पण आकृती पाठ करण्यापलीकडचे काहीतरी मुलांच्या हाती लागेल.