पक्षिछायाचित्रण, हौशी

परिसरातील पक्षी व त्या अनुषंगाने फुले, कीटक आदींची छंद म्हणून छायाचित्रे घेण्याची कला. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी 1892 मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. 1895 मध्ये त्यांचे घरट्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. भारतात ई. एच. एन. लोथर यांचे या विषयावरील पुस्तक 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. सिंगापूरचे लोक वान थो यांनी सलीम अलींसोबत (⟶ अली, सलीम) येथील पक्षी टिपले. फिल्मच्या रिळात साधारण 36 चित्रे मावत. डिजिटल कॅमेऱ्याने ती अट गेली व छंद सर्वदूर पसरला.

दूरच्या पक्ष्यासाठी 400 ते 600 मिमी. नाभ्यंतराचे भिंग (⟶ भिंग) व उडत्या पक्ष्यासाठी 1/2000 सेकंदाच्या आसपास शटरवेग वापरतात. प्रकाशाची दिशा निर्णायक असते. विणीच्या हंगामातील जांभळ्या शिंजीर नराची झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. ऊन छायाचित्रकाराच्या पाठीशी असले तर निळा-जांभळा रंग उमटतो, समोरून आले तर तोच पक्षी निव्वळ काळा दिसतो. गॅलरीतल्या कुंडीवरही हा पक्षी सहज येतो. रोहित पक्ष्यांसाठी उजनी जलाशयाकाठचे भिगवण व ठाणे खाडी येथे हिवाळ्यात नावेतून छायाचित्रण चालते.

दिनांक व ठिकाण नोंदलेली छायाचित्रे ई-बर्ड, आय-नॅचरलिस्ट या नोंदींच्या संकेतस्थळांवर पक्ष्यांच्या आढळाचा पुरावा ठरतात (⟶ पक्षिनिरीक्षण). घरट्याजवळ जाणे, ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणे या गोष्टी निषिद्ध मानल्या जातात. त्यांमुळे पालक पक्षी घरटे सोडण्याचा धोका असतो.