समुद्रापलीकडचा मुलूख: धारावी बेट आणि पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत

मंडळी, ‘पोर्तुगीजांचा समुद्रापलीकडचा मुलूख’ हा आजचा विषय. तो ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे ब्राझील आलं असेल, कोणाच्या गोवा. आपण तिकडे कुठेच जाणार नाही आहोत. भाईंदर स्टेशनाहून उत्तनच्या बसमध्ये बसलं की राई, मुर्धे, मोर्वे लागतात, मग डोंगरी आणि पुढे समुद्र. हा पट्टा १५३४ ते १७३९ अशी दोनशेपाच वर्षं लिस्बनच्या राजमुकुटाखाली होता. पोर्तुगीज आपल्या अशा मुलखांना ‘उल्त्रामार’ म्हणत, म्हणजे समुद्राच्या पल्याडचे. उत्तनच्या कोळ्याला विचारलं असतं तर त्याने लिस्बनलाच पल्याडचं म्हटलं असतं, पण नावं ठेवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

आधी भूगोल बघू, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. साष्टी हे बेट आहे हे आपण लोकलच्या धक्क्यांत विसरतो. उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. गोव्यातही सासष्टी आहे, तिचं नावही याच आकड्यावरून आलं. या मोठ्या बेटाच्या वायव्य कोपऱ्याला आणखी एक अरुंद बेट चिकटलेलं होतं, ते धारावी बेट. मुंबईच्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही गावं या बेटावरची. त्याच्या उत्तर टोकाला, चौकच्या डोंगरावर उभं राहिलं की खाडीचं मुख पायाशी आणि पलीकडे समोर वसईचा किल्ला. ही जागा लक्षात ठेवा.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. तहावर सही झाली तीही जहाजावर, खाली जमीन नव्हतीच. बहादूरशहाला हुमायूनची धास्ती होती, पोर्तुगीजांचा दर्यावरचा जोर त्याला आपल्या बाजूला हवा होता. दिलेल्या गावांतल्या माणसांना कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १५५९ मध्ये दमण आलं आणि चौलपासून दीवपर्यंतच्या या ठाण्यांचा ‘उत्तर प्रांत’ झाला. राजधानी वसई.

आता गंमत बघा. लिस्बनहून साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं जहाज गोव्याला सप्टेंबरच्या सुमारास पोचायचं. जून ते ऑगस्ट आपला दर्या बंद. म्हणजे राजाचा हुकूम यायला सहा महिने आणि उत्तर जायला तेवढेच, मध्ये पावसाळा. असा मुलूख राजा चालवणार कसा? त्याने तो वाटून टाकला. गावंच्या गावं फिदाल्गो म्हणजे सरदार घराण्यांना आणि पाद्र्यांच्या संस्थांना पट्ट्याने दिली, बहुतेकदा तीन पिढ्यांपुरती. सरकारात ठरावीक भरणा करायचा आणि लढाईसाठी घोडा, बंदूकधारी तयार ठेवायचे. या भरण्याला ‘फोरो’ म्हणत. मुंबईचा फोरास रोड आपल्याला भलत्याच कारणासाठी माहीत असतो, पण त्याच्या नावात हा सारा आहे. अख्खं मुंबई बेट असंच गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होतं. त्याचं हिंदुस्थानी औषधींवरचं पुस्तक गोव्यात १५६३ साली छापलं गेलं.

कागदावर हे ठीक दिसतं. गावात मात्र त्याचा अर्थ असा की भात पिकवणारा, आगरात मीठ ओढणारा आगरी आणि जाळं टाकणारा कोळी यांच्या डोक्यावर एक नवा धनी बसला. त्यात धर्माची सक्ती आली. देवळं पाडली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मठ बांधला, तो आजही बघता येतो. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं आणि त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोचत होता. याच काळात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. कोणी जबरदस्तीने, कोणी सवलतीसाठी, कोणी दुष्काळात पोटासाठी, कोणी श्रद्धेनेही. आज उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती कुटुंबांकडे बघून हिशेब मागणारे भेटतात. आम्हाला ते मुळीच पटत नाही. ही माणसं इथलीच होती आणि इथलीच राहिली. घरात त्यांची बोली मराठीच आहे.

आणि भाषेचं म्हणाल तर तो मुलूख आपल्या सगळ्यांच्याच तोंडात बसलाय. पाव, बटाटा, चावी, पगार, साबण, घमेलं. हापूस हे तर अफोन्सो या माणसाच्या नावाचं झालेलं रूप.

पण आपल्या बेटाने पोर्तुगीजांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दगड. डोंगरीच्या टेकड्यांवर ज्वालामुखीच्या रसाचे खांब उभेच्या उभे थिजलेले आहेत. तिथला दगड होडीत भरायचा, भरती-ओहोटी साधून खाडी ओलांडायची आणि वसईला उतरवायचा. वसईच्या तटांतला आणि चर्चमधला बराचसा दगड या धारावी बेटाच्या खाणींतला आहे. वसईकडचा काळा दगड पार गोव्याला गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकेच्या खांबांत आणि कोरीव कामात तो आहे. आपण तिथे फोटो काढतो तेव्हा कोणी सांगत नाही, गाईडही नाही.

आता १७३७. उत्तर प्रांत वरून भक्कम दिसत होता, आतून पोकळ झाला होता. फौज अपुरी, पैसा नाही, ठाण्याच्या किल्ल्याचं बांधकाम अर्धवट. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पुण्याकडे धावत होते, इथल्या वाटा, उतार, फितुरीच्या जागा कळवत होते. त्या वर्षीच्या वसंतात मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि बघताबघता साष्टी हातात आली. ठाणं परत घेण्यासाठी चालून आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो १७३८ च्या अखेरीस तिथेच पडला.

शाळेत आपल्याला शिकवतात ते एवढंच, की चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. सुरुंग, सान सेबास्त्यांवचा बुरूज, ‘किल्ल्यात जाणं होत नाही तर माझं डोकं तरी तोफेने उडवून आत टाका’ अशी ती प्रसिद्ध कथा. कथा रोमांचक आहे, पण तिने एक गोष्ट झाकली. वसईला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. जोवर खाडी मोकळी आहे तोवर होडीने दारूगोळा येणार, धान्य येणार, आणि नुसती जमिनीवरून घातलेली मोर्चेबंदी वर्षानुवर्षं चालली असती. खाडी बंद करायची तर दक्षिणेचा काठ हवा. म्हणजे कुठला? आपल्या चौकचा डोंगर. म्हणून धारावी बेटासाठी दोन्ही बाजू इतक्या इरेला पेटल्या. मराठ्यांनी ते घेतलं, पोर्तुगीजांनी परत मिळवलं, आणि मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी ते पुन्हा, या वेळी कायमचं, घेतलं. वेसावे आणि साष्टीचा किनारा त्याच सुमारास पडला. आता वसईला समुद्राकडून श्वास घ्यायला जागा उरली नाही.

आणि डोक्यावर पावसाळा. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. जूनच्या आत किल्ला पडला नाही तर मराठ्यांचे मोर्चे चिखलात बुडणार होते. तिकडे आतल्यांना ठाऊक होतं की दर्या बंद झाला की गोव्याहून काही येणार नाही. मेमधली ती घाई आणि ते हजारो मृत्यू या एका तारखेमुळे आहेत. १६ मे १७३९ ला काएतानो द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. शिबंदीला सामानासह मानाने जाऊ दिलं, राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली. इतक्या कडव्या लढाईनंतर ही अट पाळली गेली, याचं कौतुक कमीच होतं. चर्चच्या घंटा मात्र देशावरच्या देवळांत गेल्या.

मुंबईतले इंग्रज हादरले. व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये दिले आणि कोटाभोवती खंदक खणायला घेतला. साष्टीवर त्यांचा डोळा आधीपासूनच होता. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाणं घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांचीच ठरली. म्हणजे मराठ्यांचं राज्य इथे पस्तीसच वर्षं टिकलं. नव्या धन्याशी जुळवून घेताना इथल्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणायचं ठरवलं. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांशी नोकरीत आपली गल्लत होऊ नये म्हणून. नावामागे भाकरीचा प्रश्न होता.

‘उल्त्रामार’ हा शब्द पोर्तुगालने सोडला नाही. १९५१ मध्ये गोवा-दमण-दीव या वसाहती नाहीतच, ‘समुद्रापलीकडचे प्रांत’ आहेत, असं त्यांनी राज्यघटनेत घातलं. दादरा-नगर हवेली मोकळी झाल्यावर ते हेगच्या न्यायालयात गेले. तिथे पुरावा म्हणून काय निघालं, तर पेशव्यांशी झालेला १७७९ चा तह. निकाल १९६० ला लागला, आणि १९६१ च्या डिसेंबरात प्रश्नच संपला.

आपलं बेट आता बेट राहिलेलं नाही. खाड्या बुजल्या, मिठागरं आटली, रस्त्याने सगळं जोडलं. वर मनोरी-गोराई मुंबई महापालिकेत आणि उत्तन-डोंगरी २००२ साली झालेल्या मीरा-भाईंदर महापालिकेत, म्हणजे बेटाचे दोन तुकडे आणि दोन्हीकडे कोणाचं लक्ष नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची हजारो झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा ग्रामस्थांनी हरकती घेतल्या. झाडं आणि पाणी, मुद्दे रास्तच होते. त्यात आणखी एक मुद्दा घालायला हवा: टेकडीवर काहीही करण्याआधी तिथल्या जुन्या खाणी, पायऱ्या, तटाचे उरलेसुरले चिरे यांची पुरातत्त्व खात्याकडून मोजणी व्हावी आणि नकाशा छापला जावा. वसईचा किल्ला संरक्षित आहे. ज्या डोंगरातून तो उचलून नेला आणि ज्या डोंगरावरून तो कोंडला गेला, त्याला तसलं संरक्षण नको का? चौकला एकदा जाऊन बघा. ओहोटीच्या वेळी जा, म्हणजे होडीवाले कुठून वळत असतील ते दिसतं.