पिपांतली रिकामी जागा

पुसेगांव म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें सातारा जिल्ह्यांतलें, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचें गांव उभें राहतें. आजच्या भाषणांत तें अभिप्रेत नाहीं. दुसरें एक पुसेगांव हिंगोलीच्या बाजूला आहे. पूर्वीच्या निजामी मुलखांतलें, 1956 सालीं मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यांत आलेलें, आणि 1999 सालीं परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां त्यांत गेलेलें. घरच्या घरीं पिपाला तोटी लावून थंडगार बिअर काढण्याचें यंत्र आणि हा आडबाजूचा मुलूख यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, त्या यंत्राला ज्या अडचणीवर मात करावी लागली ती इकडे फार जुनी आहे.

शिंदीच्या झाडाला रात्रीं मडकें बांधतात व पहाटे उतरवितात. आंतून चुना लावला असेल तर रस गोड राहतो, त्याला आपण नीरा म्हणतों. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत फेंस येतो, मादकता येते, आणि पुढें तो आंबत जातो. पहिलें काम किण्वाचें. दुसरें, मद्याचें आम्ल करणार्‍या जंतूंचें, आणि त्या जंतूंना हवा लागते. म्हणून शिंदी ही ज्या दिवसाची त्याच दिवशीं संपवावयाची वस्तु. निजामाच्या अबकारी खात्याला शिंदी-ताडीपासून मोठें उत्पन्न होई, परंतु तें पेय सांठवून ठेवण्याची युक्ति कोणापाशींच नव्हती.

हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. 1903 सालीं तें सैन्य हिंदी फौजेंत विलीन झालें. तेथील गोर्‍या अंमलदारांना शिंदी नको होती, विलायती बिअर हवी होती. आणि ती केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुमारें सहा महिन्यांचा प्रवास करून मुंबईस येई. लंडनच्या बो भागांतील हॉजसनच्या कारखान्याची अधिक कडवट बिअर या प्रवासांत टिकते म्हणून तिचा बोलबाला झाला. पण टिकणें वेगळें आणि थंड मिळणें वेगळें. 1833 सालीं अमेरिकेंतून बर्फ जहाजानें कलकत्त्यास आलें व लवकरच मुंबईसही येऊं लागलें; मात्र बर्फाचा लाभ बंदरालगतच्या शहरांना, आंतल्या छावण्यांना नव्हे. तेथें साहेबांच्या पदरीं ‘आबदार’ नांवाचा नोकर असे. सोरा मिसळलेल्या पाण्यांत बाटल्या फिरवून त्या गार करणें हेंच त्याचें काम. बाटलीला हें जमतें. मोठ्या पिपाला कसें जमावें?

खुद्द इंग्लंडांत पीप थंड तळघरांत असे. 1797 सालीं जोसेफ ब्रामा यानें हातपंपाचें पेटंट घेतलें आणि तळघरांतील बिअर वर दुकानांत ओढून घेतां येऊं लागली. पण एक पेला बाहेर काढला कीं तेवढी जागा पिपांत रिकामी होते, आणि ती भरावयाला हवा आंत शिरते. म्हणजे पुन्हां शिंदीचीच गत! पीप दोन-तीन दिवसांत संपणें भाग. गजबजलेल्या दुकानाला तें परवडतें, घराला परवडत नाहीं.

याचें उत्तर एका धर्मोपदेशकाच्या शेजारीं तयार होत होतें. जोसेफ प्रीस्टले 1767 सालीं लीड्सला आला. त्याच्या घराशेजारीं बिअरचा कारखाना होता. आंबणार्‍या पिपांवर सांचणारा कर्बवायु, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, त्यानें पाण्यांत विरघळवून पाहिला. त्याचें फळ म्हणजे सोडावॉटर. 1803 सालीं विल्यम हेन्रीनें नियम सांगितला कीं, दाब जितका अधिक तितका वायु द्रवांत अधिक विरघळतो. थंडीचेंही तसेंच: 40 अंश उष्णतेला पाण्यांत जेवढा कर्बवायु राहतो, त्याच्या तिपटीहून अधिक शून्य अंशाला राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वायु द्रवरूपांत, पोलादी नळकांड्यांतून विकला जाऊं लागला. आतां रिकाम्या जागेंत हवेऐवजीं बिअरचाच वायु घालतां येऊं लागला. माझ्या मतें तोटीच्या बिअरचा खरा इतिहास येथें सुरू होतो. बाकीचें सारें नळकाम.

घरचें यंत्र घेणार्‍यानें म्हणून प्रथम विचारावें कीं, आंत काय भरतें? हातानें हवा भरणारा स्वस्त पंप मेजवानीपुरता. ती बिअर त्याच दिवशीं संपवावी. वायूचें नळकांडें असेल तर पीप कित्येक आठवडे चांगलें राहतें. तें शीतकपाटांत पूर्ण एक दिवस ठेवून 3 ते 4 अंशांपर्यंत थंड करावें, दाब दर चौरस इंचास सुमारें 12 पौंड ठेवावा, बारीक नळी पांच-सहा फूट असावी आणि तोटी एकदम पूर्ण उघडावी. फेंसच फेंस आला तर लोक दाब कमी करतात. हा उलटा उपाय होय. दाब उतरला कीं विरघळलेला वायु नळींतच सुटतो आणि फेंस वाढतो. बहुधा दोष उष्णतेचा असतो. वीज वरचेवर जाणार्‍या गांवीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

कर्बवायु हवेहून जड. लहान बंद खोलींत गळला तर माणूस गुदमरतो. सांधे साबणाच्या पाण्यानें तपासावे, नळकांडें उभें व बांधलेलें असावें. कायद्याचेंही पाहावें. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत अद्याप लागू आहे. मद्य बाळगण्यास परवाना लागतो व त्यावरील प्रमाणास मर्यादा असते. पुण्यांत 2009 सालीं उपाहारगृहांतच बिअर गाळणारा लघु कारखाना निघाला, त्यालाही परवाना घ्यावा लागला. घरीं ती गाळण्याची मोकळीक त्यामुळें कोणास मिळालेली नाहीं.

राहतां राहिली नळी. तिच्या आंतल्या बाजूस किण्व, जंतु व क्षार यांचा थर बसतो, आणि उत्तम बिअरला आंबूस वास येतो. दर पंधरा दिवसांनीं ती त्यासाठीं मिळणार्‍या द्रावणानें धुवावी, नंतर स्वच्छ पाणी सोडावें, आणि तोटी खोलून वेगळी घासावी.