गिळण्याची क्रिया व गडचिरोलीतील नवजात परिचर्या

ग्रसनी (घसा) जेथे ग्रसिकेस (अन्ननलिकेस) मिळते, तेथे स्नायूंचे एक वलय असते. त्यास ऊर्ध्व ग्रसिका परिसंकोची म्हणतात. एरवी ते आकुंचित असते. त्यामुळे श्वासाबरोबर हवा जठरात जात नाही व ग्रसिकेतील द्रव्य घशात येत नाही.

फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रांस्वा माझांदी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी गिळण्याचे मुख, ग्रसनी व ग्रसिका असे तीन टप्पे मानले. विसाव्या शतकात क्ष-किरण चित्रण व दाबमापन यांमुळे या वलयाचे कार्य स्पष्ट झाले. घास घशात येताच प्राणेशा तंत्रिकेतून वलयाकडे जाणारे उद्दीपन क्षणभर थांबते व ते शिथिल होते. त्याच वेळी कंठिकास्थी व स्वरयंत्र वर आणि पुढे ओढले जाऊन वलय ताणले जाते व उघडते. घासाच्या दाबाने ते रुंदावते आणि सुमारे अर्ध्या सेकंदात पुन्हा मिटते. तेवढा वेळ श्वास थांबतो व स्वरयंत्राचे द्वार बंद राहते. या क्रियांचा मेळ लंबमज्जा घालते.

नवजात अर्भकास चोखणे, गिळणे व श्वसन यांचा मेळ एकाच वेळी साधावा लागतो. गर्भावस्थेच्या सुमारे ३४ व्या आठवड्यापूर्वी तो पुरेसा परिपक्व नसतो. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या अर्भकास काढलेले दूध चमच्याने पाजावे लागते. धडधाकट अर्भकाचे चोखणे मंदावले, तर दोष बहुधा घशाचा नसून जंतुसंसर्गाचा असतो.

चंद्रपूरपासून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या, वनव्याप्त गडचिरोली जिल्ह्यात या लक्षणास विशेष महत्त्व आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतील साक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन १९९५ पासून घरोघरी नवजात परिचर्या सुरू केली. स्तनपानास साहाय्य करणे, अर्भकास ऊब देणे आणि मंद चोखणे, क्षीण रडणे यांसारख्या लक्षणांवरून जंतुदोष ओळखून जेंटामायसिनाची अंतःक्षेपणे देणे ही कामे त्या करीत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युमान हजारी २५·५, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ५९·६ होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात परिचर्येचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.